फिरतं घर आणि फ्रिजची पाटी

सुरतेच्या माणसाला मोटारहोम म्हणजे काय हे फार समजावून सांगावं लागत नाही. रविवारी संध्याकाळी डुमस रस्त्याला एक चक्कर मारा. फुटपाथच्या कडेला चटया अंथरलेल्या असतात, डबे उघडलेले असतात, आजोबांसाठी घडीची खुर्ची आणलेली असते, मुलं बॅडमिंटन खेळत असतात. थंडीत पोंक खायला तापीकाठी जायचं, चंदनी पडव्याला घारी घेऊन मोकळ्या हवेत बसायचं, हे इथं पिढ्यान् पिढ्या चाललंय. घर उचलून रस्त्याकडेला नेण्याची सवय या शहराला आधीपासूनच आहे. त्या घराला चाकं, पलंग आणि संडास मिळाला की झालं मोटारहोम.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांची मुळं खानदेशात आहेत. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत वाढलेल्या आपल्या पिढीला राष्ट्रीय महामार्ग ५३ पाठ असतो. हजिऱ्याहून निघणारा हा रस्ता बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारी, साक्री करत धुळ्याला जातो आणि पुढे जळगाव, अकोला, नागपूर. आखाजी असो, कानबाई असो, की लग्नसराई. वर्षातून चार-पाच वेळा ही वाट होतेच. सुरत ते धुळे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे फार नाही. पण आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून हेच अंतर आम्हाला लांब वाटायला लागलं. तिला दर तासाला पाय मोकळे करावे लागतात, आडवं व्हावं लागतं, आणि मुख्य म्हणजे स्वच्छ आणि बसता येईल असा संडास लागतो. ढाब्यावरचा संडास बघून ती पाणी पिणंच बंद करायची. आम्हा तिघा भावंडांनी मिळून मोटारहोम घ्यायचा विचार सुरू केला तो हौस म्हणून नाही, त्या पाण्याच्या बाटलीसाठी.

आधी आम्ही कायदा वाचला. आपल्याकडे ‘मोटर कॅराव्हॅन’ हा नोंदणीचा वेगळा प्रकार आहे. व्याख्येनुसार तिच्यात किमान चार गोष्टी हव्यात: बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची जागा. यातलं सामान गाडीला पक्कं बसवलेलं असलं पाहिजे. टेबल मात्र काढता येण्यासारखं चालतं. या गाड्यांच्या तपासणीसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. साधी प्रवासी व्हॅन घ्यायची आणि ओळखीच्या सुताराकडून पलंग ठोकून घ्यायचे, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. नोंदणीपुस्तकात एक आणि रस्त्यावर दुसरंच, अशी गाडी चालवली तर अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारणार. एक चांगली बातमीही मिळाली. गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर ती हलक्या वाहनात मोडते, म्हणजे आपला नेहमीचा परवाना पुरतो.

विकत घेण्याआधी तीन दिवसांसाठी भाड्यानं घेऊन बघायची, असं ठरलं. गाडी होती फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली, चार माणसं झोपतील अशी. आई-बाबा, मी, बायको आणि आमची आठ वर्षांची मुलगी, म्हणजे एकजण जास्तच. पण मुलगी आजीच्या कुशीत झोपणार होती. पहाटे उधन्याहून निघालो. बारडोलीला १९२८च्या सत्याग्रहाची आठवण जपणारा स्वराज आश्रम आहे. तिथं थांबलो तेव्हा आईनं गाडीतच चहा केला आणि सगळ्यांना दिला. वीस वर्षांत याच रस्त्यावर तिनं आम्हाला पहिल्यांदा स्वतःच्या हातचा चहा पाजला.

सोनगढला डोंगरावरचा किल्ला लांबूनच दिसतो. बडोद्याच्या गायकवाडांची सुरुवातीची गादी इथली. मराठी माणूस गुजरातेत कधी आला, असं कुणी विचारलं की बाबा या किल्ल्याकडे बोट दाखवतात. तिथून उकाई धरण जवळ. १९७२ साली पूर्ण झालेलं हे धरण तापी अडवतं. सुरतेत पाऊस लागला की आपण सगळे ‘उकाईची पातळी किती?’ हे विचारतो, पण ते पाणी प्रत्यक्ष बघायला फार कमी लोक जातात. मुलीनं विचारलं, “हेच पाणी आपल्या घराजवळून जातं?” हो म्हटल्यावर ती बराच वेळ काठाशी बघत बसली.

नवापूरला स्टेशन बघायला थांबलो. गुजरात आणि महाराष्ट्र यांची हद्द या स्टेशनातूनच जाते. फलाटावरच्या एका बाकावर मधोमध रेघ मारून एका बाजूला महाराष्ट्र आणि दुसऱ्या बाजूला गुजरात लिहिलंय. आई एका राज्यात बसली, नात दुसऱ्या राज्यात. आपल्या पिढीला कुणी ‘तुम्ही नक्की कुठले?’ असं विचारलं की मला तो बाक आठवतो.

रात्री मुक्काम विसरवाडीच्या बाजूला मामांच्या शेतात केला. तिथं गाडीची खरी परीक्षा झाली. छतावरचा एसी आम्हाला सगळी रात्र हवा होता. बॅटरी १२ व्होल्टची, २०० अँपिअर-तासांची, म्हणजे साधारण अडीच युनिट वीज. एसीला तासाला एक युनिट धरलं तरी दोन-अडीच तासांत बॅटरी संपणार, आणि त्यातच फ्रिज, पंखा, पाण्याचा पंप. मामांच्या विहिरीच्या मोटारीची जोडणी होती म्हणून निभावलं. मोटारहोम विकणारा प्रत्येकजण एसीचं थंड वारं दाखवतो. त्याला विचारायचं, गाडी बंद असताना हे वारं किती तास येईल? उत्तर आकड्यांत मागायचं.

दुसऱ्या दिवशी कोंडाईबारी घाटात ‘पक्कं बसवलेलं’ या शब्दांचा अर्थ कळला. एका वळणावर ओट्याखालचा खण उघडला आणि पाच लिटरचा कुकर गडगडत चालकाच्या सीटपर्यंत आला. कुणाला लागलं नाही. पण तोच कुकर ब्रेक दाबताना डोक्याच्या उंचीवरून आला असता तर? तेव्हापासून गाडी बघताना मी आधी खणांच्या कड्या ओढून बघतो, गाद्यांचा रंग नंतर.

परत आल्यावर घरात एकमत होतं: गाडी हवी. नवीन गाडीचं बजेट जमेना, म्हणून जुन्या बघायला लागलो. त्यात एक फारच आवडली. आत सगळं नीटनेटकं, मोठा संडास, आणि दोन दारांचा परदेशी फ्रिज. विकणारे म्हणाले, हा फ्रिज विजेवरही चालतो आणि गॅसवरही, बॅटरीची चिंताच नाही. किंमतही आटोक्यात होती. काकांनी तर तिथंच मुहूर्ताची तारीख काढली.

माझा एक मावसभाऊ न्यू जर्सीत राहतो आणि सुट्टीत भाड्याच्या आरव्हीतून हिंडतो. त्याला फोटो पाठवले. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: फ्रिजच्या आतल्या पाटीचा फोटो पाठव, मॉडेल आणि सीरियल नंबर दिसेल असा.

गॅसवर फ्रिज थंड कसा होतो, हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. ही युक्ती शंभर वर्षांची आहे. १९२२ साली बाल्तसार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी ती शोधली. घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो, यात हलणारा भागच नाही. पाण्यात विरघळलेला अमोनिया असतो. तो एका नळीत तापवला की वायू होऊन वर जातो, थंड होऊन द्रव बनतो, मग हायड्रोजनच्या सोबतीनं त्याची पुन्हा वाफ होते आणि ती होताना आतली उष्णता शोषून घेते. म्हणजे बंद नळ्यांत दाबाखाली अमोनिया आणि हायड्रोजन, आणि नळीच्या खाली ज्योत किंवा विजेचा हीटर. नळी शाबूत असेल तोवर छान. तिला तडा गेला तर गळणाऱ्या वायूला पेट घ्यायला शेजारीच ज्योत आहे. शिवाय हा फ्रिज सपाट जागीच नीट चालतो. गाडी बराच वेळ तिरकी उभी राहिली की द्रव नीट फिरत नाही आणि ती नळी जास्त तापते. आणि बाहेर चाळीस अंश असताना तो थंडही जेमतेम करतो. चैत्र-वैशाखातल्या सुरतेला तो तसाही सोयीचा नव्हे.

हा धोका कागदावरचा नाही. अमेरिकेत २००६ साली डोमेटिक कंपनीनं १९९७ ते २००३ या काळात बनवलेले नऊ लाखांहून जास्त फ्रिज दुरुस्तीसाठी परत बोलावले. कारण हेच: नळीला बारीक तडा जाऊन वायू गळण्याची आणि आग लागण्याची शक्यता. २००८मध्ये ती यादी आणखी वाढवली. नॉरकोल्ड कंपनीनंही २०१०मध्ये आपल्या १२०० मालिकेतले फ्रिज परत बोलावले. यालाच रिकॉल म्हणतात. दोष कबूल करायचा, ग्राहकाला कळवायचं आणि फुकट दुरुस्त करून द्यायचं.

यातली मेख मावसभावानं समजावली. अमेरिकेत रस्तासुरक्षेचं काम बघणारी एनएचटीएसए ही सरकारी संस्था प्रत्येक रिकॉलला क्रमांक देते. गाडीचा रिकॉल असेल तर त्यात ‘व्ही’ हे अक्षर, गाडीत बसवलेल्या उपकरणाचा असेल तर ‘ई’. गाडीचा चासी नंबर टाकून शोधलं तर ‘ई’वाला रिकॉल दिसेलच असं नाही. कारण मोटारहोमला बनवणारा एक नसतो, तीन असतात. चासी एकाची, वरचं घर दुसऱ्याचं, आणि फ्रिज, शेगडी, गिझर, बॅटरी तिसऱ्या-चौथ्याची. चासीवाल्याकडे गाडीमालकाचं नाव असतं. फ्रिजवाल्याला मात्र आपला फ्रिज कोणत्या गाडीत गेला हे माहीत नसतं. त्यातून गाडी दुसऱ्या हाती गेली, फ्रिज काढून तिसऱ्या गाडीत बसवला, समुद्र ओलांडून दुसऱ्या देशात आला, की त्या पत्राला पत्ताच उरत नाही. पत्ता म्हणून उरते ती फक्त फ्रिजच्या आतली नंबरची पाटी.

मी पुन्हा गाडी बघायला गेलो. पाटी होती, पण सीरियल नंबरची जागा खरवडलेली होती. मुद्दाम खरवडली की धुता-पुसता गेली, कोण सांगणार? मी विचारलं तर उत्तर आलं, “चालशे भाई, चालशे! दोन वर्षांत काही झालं नाही.”

‘चालशे’ हा शब्द आपण सगळ्यांनी सुरतेकडून घेतलाय आणि तो चांगला शब्द आहे. या शहरात पूर येऊन गेला की चौथ्या दिवशी दुकानं उघडतात ती याच शब्दावर. पण याच शहरात २४ मे २०१९ रोजी सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडला आग लागली आणि २२ जणांचे जीव गेले, बहुतेक क्लासला आलेली मुलं. त्या दिवशी टीव्हीवर जे दिसलं ते विसरता येत नाही. त्यानंतर कुठल्याही बंद जागेत शिरलं की माझी नजर आधी दुसरी वाट शोधते. या गाडीत झोपायची जागा मागे होती, फ्रिज आणि दार मध्ये. मागच्या बाजूला उघडणारी खिडकी नव्हती. म्हणजे फ्रिजनं पेट घेतला तर आई आणि नात आगीच्या पलीकडे अडकणार.

घरी हे सांगितलं तेव्हा काका नाराज झाले. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. “फ्रिज काढून टाकू, दुसरा बसवू. एवढ्याशा पाटीवरून चांगली गाडी सोडायची?” बाबा काही बोलले नाहीत. शेवटी आई म्हणाली, “भाऊजी, ज्यानं फ्रिजची पाटी विचारली नाही, त्यानं गॅसची नळी तरी विचारली असेल का?” गाडी सोडली. काका आठवडाभर फोनवर तुटक बोलत होते. आता ते स्वतःच दर रविवारी नवीन गाडीची जाहिरात पाठवतात आणि खाली लिहितात, ‘पाटीचा फोटो मागवलाय.’

आपल्या देशात यासाठी काय आहे, हेही मग बघितलं. गाड्यांच्या बाबतीत २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं आणि १ एप्रिल २०२१पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेचा दोष असेल आणि ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्या, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. न ऐकल्यास दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. त्याआधी, २०१२पासून, वाहन कंपन्यांची संघटना सियामची स्वेच्छेनं रिकॉल करण्याची पद्धत आहेच. घरगुती वस्तूंसाठी २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याखाली २०२०मध्ये नेमलेलं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. या प्राधिकरणानं २०२२मध्ये अॅमेझॉनवरून विकले गेलेले २,२६५ आणि फ्लिपकार्टवरचे ५९८ प्रेशर कुकर परत घ्यायला लावले होते, कारण ते सक्तीच्या आयएसआय मानकाप्रमाणे नव्हते. आमच्या मोटारहोममधून घाटात गडगडलेला कुकर कोणत्या छापाचा होता, हे मी त्यानंतर लगेच भाड्याच्या गाडीच्या मालकाला विचारलं. त्यांनी आयएसआयचा शिक्का दाखवला.

तुमच्यापैकी कुणी असं फिरतं घर घेणार असाल, किंवा दिवाळीत भाड्यानं घेणार असाल, तर आमच्या घरात फ्रिजवर चिकटवलेली यादी देतो.

पहिलं, चासी नंबर घेऊन गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा की या नंबरावर कुठला रिकॉल बाकी आहे का. फुकट सांगतात.

दुसरं, फ्रिज, शेगडी, गिझर, इन्व्हर्टर, बॅटरी, प्रत्येकाच्या पाटीचा फोटो काढा आणि घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. परदेशी वस्तू असेल तर त्या देशाच्या रिकॉल यादीत नंबर शोधा. भारतीय असेल तर बीआयएस केअर अॅपवर आयएसआय परवान्याचा क्रमांक टाकून खरा आहे का ते बघा. पाटी नसेल तर ते उपकरण नाही असंच समजा.

तिसरं, गॅस. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून गळती ओळखणारा अलार्म खाली, पायाच्या उंचीवर हवा आणि सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी. केशरी सुरक्षा नळीवर तारीख असते, पाच वर्षांनी ती बदलायची. गाडी धावताना सिलिंडर बंदच हवा. वास आला तर १९०६ हा गॅसगळतीचा मदत क्रमांक देशभर चालतो.

चौथं, झोपायच्या जागेपासून दोन वाटा. एक दार, एक आतून उघडणारी खिडकी, आणि ती उघडायला मुलांनाही आली पाहिजे. आमच्या मुलीकडून आम्ही भाड्याच्या गाडीत ती तीनदा उघडून घेतली.

पाचवं, अग्निशामक दाराजवळ हवा, ओट्याखाली नको. आग ओट्यालाच लागली तर हात घालणार कुठे?

सहावं, जुनी गाडी घेतली की चासी कंपनीला आणि उपकरणांच्या कंपन्यांना आपलं नाव-पत्ता कळवा. पुढचं पत्र आपल्यापर्यंत यायला हवं.

महाराष्ट्रानं २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनंही त्याच वर्षी. त्यामुळे अशा गाड्या आणि त्या उभ्या करायच्या जागा वाढतील. आपल्या वाटेवर, उकाईपासून कोंडाईबारीपर्यंत, पाणी, वीज आणि संडास रिकामा करायची सोय असलेली एक जागा झाली तरी खानदेशच्या किती घरांना उपयोग होईल! तोवर मामांचं शेत आहे.

आम्ही सध्या कॉम्प्रेसरचा १२ व्होल्टवर चालणारा छोटा फ्रिज असलेली एक गाडी बघतोय. फ्रिजमध्ये फक्त दूध, दही आणि आईची औषधं मावतील एवढीच जागा आहे. पाटी स्वच्छ आहे, नंबर लागला, कुठल्या यादीत नाही. मागची खिडकी उघडते, पण जरा जोर लावावा लागतो. ती सैल करून द्या, मगच विसार देतो, असं सांगितलंय. श्रावणातल्या कानबाईपर्यंत काम झालं तर आई या वेळी पूर्ण बाटली पाणी पीत गावी जाईल.